तारखेच्या रकान्यामागची सूचना

मित्रांनो, मी एक जुनी सूचना आहे. तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही, आणि पाहणारही नाही, कारण मला पडद्यावर जागाच दिलेली नाही. मी फक्त ऐकू येते. मूळची मी इंग्रजीत आहे, पण जिने मला लिहिलं ती नागपूरची असल्यामुळे तुमच्याशी मराठीत बोलायला मला अवघड जात नाही.

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात हर्नडन नावाचं गाव आहे. तिथे म्हाताऱ्या आणि अपंग माणसांना दवाखान्यात नेणारी-आणणारी एक वाहनसेवा आहे. त्या सेवेच्या वेबसाइटवर गाडी बुक करायचं एक पान आहे आणि त्या पानावर तारीख लिहायचा एक रकाना आहे. मी त्या रकान्यामागे राहते. ज्यांना डोळ्यांनी दिसतं त्यांना रकान्याशेजारी कॅलेंडरचं चित्र दिसतं, त्यावर टिचकी मारली की काम होतं. ज्यांना दिसत नाही त्यांच्या संगणकात पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम असतो. त्याला स्क्रीन रीडर म्हणतात. तो तारखेच्या रकान्यापाशी आला की मला वाचतो.

माझा जन्म आश्लेषाच्या हातून झाला, सहा वर्षांपूर्वी. ती तेव्हा नुकतीच नागपूरहून इथे नोकरीला आली होती आणि भारतातल्या सवयीने पहिल्याच आठवड्यात बँकेच्या फॉर्मवर दिवस आधी आणि महिना नंतर लिहून बसली होती, आणि तो फॉर्म परत आला होता. इथे महिना आधी लिहितात. आपली फजिती आठवून तिने मला एकाच वाक्यात लिहिलं: आधी महिना, मग दिवस, मग वर्ष लिहा. लहान होते, पण कामाची होते. मला वाचायला तीन सेकंद लागायचे.

मग माझं शेपूट वाढायला लागलं. खरं म्हणजे डोकं वाढायला लागलं, आणि तेही कुणाचं वाईट करायचं म्हणून नव्हे. कुणा आजींची गाडी हिमवादळात रद्द झाली, त्यांनी तक्रार केली, लगेच माझ्यात एक वाक्य घातलं की हिमवादळात गाडी रद्द होऊ शकते. कुणी सोबत दोन माणसं आणली, तर एकच सोबती चालेल हे वाक्य आलं. चाकांच्या खुर्चीचं आलं, सुट्ट्यांचं आलं, गाडी पाचच मिनिटं थांबते याचं आलं. एकाने तर पुढच्या रकान्यात जाण्यासाठी टॅबचं बटण दाबा, हेही लिहून ठेवलं. जो माणूस टॅब दाबत दाबतच इथवर पोचला त्याला टॅब शिकवायचा, म्हणजे जेवून उठलेल्याला घास कसा चावावा ते सांगण्यासारखं आहे. पण मला कोण विचारतो?

यामागे त्या ऑफिसची एक रीत होती. रकान्यात बदल करायचा तर तीन आठवडे तपासणी आणि चार जणांची मंजुरी. मजकुरात बदल करायचा तर काहीच नको, सकाळी लिहा, दुपारी पानावर. त्यामुळे प्रत्येक तक्रारीवर एकच औषध होतं, एक वाक्य वाढवा. आणि प्रत्येकाला आपलं वाक्य महत्त्वाचं वाटे, म्हणून ते सगळ्यांत वर बसे. असं होता होता मी अकरा वाक्यांची झाले. माझं मूळचं वाक्य, आधी महिना मग दिवस, सरकत सरकत अकराव्या क्रमांकावर गेलं. पूर्ण वाचायला एक मिनिट दहा सेकंद लागत.

माझं कौतुकही झालं बरं का. एकदा तपासनीस आले. अंधांसाठी सूचना आहे का, असा त्यांच्या कागदावर प्रश्न होता. आहे, आणि भरपूर आहे, असं पाहून त्यांनी खूण केली आणि शाबासकी दिली. त्या दिवशी मी फुलून गेले होते. मला शेवटपर्यंत ऐकलं मात्र कुणीच नव्हतं, आणि मी पडद्यावर दिसत नसल्यामुळे किती वाढले आहे ते डोळे असलेल्यांच्या लक्षातही येत नव्हतं.

आता भानुदास काकांबद्दल सांगते. ते एकाहत्तर वर्षांचे. नागपूरला एस.टी.त नोकरी केली, निवृत्त झाले, पत्नी गेल्यावर मुलाकडे, विवेककडे, हर्नडनला आले. मधुमेहाने आधी डोळे नेले आणि मग मूत्रपिंडं. मंगळवार, गुरुवार, शनिवार त्यांना डायलिसिसला जावं लागतं. यंत्र त्यांचं रक्त साफ करतं आणि शरीरात साठलेलं पाणी काढतं. एखादी खेप चुकली तर ते पाणी आतच राहतं आणि श्वास घेणं जड होतं. त्यांच्यासाठी गाडी म्हणजे नुसती गाडी नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

गाडी बुक करायचं काम विवेक करायचा. पण काकांनी गावातल्या लायब्ररीत वर्षभर जाऊन स्क्रीन रीडर शिकून घेतला होता. गेल्या नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात विवेकला कामासाठी मिशिगनमध्ये ट्रॉयला जायचं होतं. तो निघताना बुकिंग करून ठेवतो म्हणाला, तर काका म्हणाले, गुरुवारची माझी मी करतो.

बुधवारी, पाच नोव्हेंबरला, दुपारी तीन वाजता ते पानावर आले. प्रोग्रॅमने मला वाचायला सुरुवात केली. हिमवादळ झालं. सोबती झाला. तिसरं वाक्य टॅबचं होतं. काकांनी कंट्रोलचं बटण दाबलं. ते दाबलं की वाचणारा आवाज तिथल्या तिथे थांबतो. माझी आठ वाक्यं न बोललेलीच राहिली. त्यांना दुसऱ्या दिवशीची, सहा नोव्हेंबरची गाडी हवी होती. त्यांनी शून्य सहा लिहिलं आणि मग अकरा लिहिलं.

मित्रांनो, इथेच घात झाला. इथल्या हिशेबाने ती अकरा जून होते. नोव्हेंबरात जूनची गाडी कोण बुक करतं? पण त्या सेवेत वर्षभर आधी बुकिंग चालतं, आणि वर्ष लिहिलं नाही तर रकाना पुढे येणारी पहिली तारीख धरतो, म्हणून त्याने तक्रार केली नाही. बुकिंग झालं असं सांगणारं पानही त्यांनी लिहिलेलेच आकडे परत वाचून दाखवत होतं, शून्य सहा, अकरा. ते ऐकून काका समाधानाने म्हणाले, झालं. मला सगळं माहीत होतं आणि मला बोलता येत नव्हतं. रकान्यात कुणी शिरलं तरच मला वाचा फुटते, आणि काका तर निघून गेले होते.

पाच वाजले, उद्याची यादी बंद झाली. त्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. पुढचं सगळं मला नंतर कळलं, पण त्या वेळी माझा जीव जो टांगणीला लागला तो दोन दिवस तसाच होता.

गुरुवारी सकाळी काका सहाच्या आधीच कोट-टोपी घालून दारापाशी खुर्चीत बसले. सहा वाजून दहा मिनिटांनी गाडी यायची होती. त्यांची सून सोनल हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. ती साडेपाचलाच घरातली एकुलती एक गाडी घेऊन जाते आणि तिथे फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. साडेसहा झाले, सात झाले. काकांनी कुणाला फोन केला नाही. साडेसातला अकरा वर्षांची नात नैना उठली, तिने त्यांच्या फोनवर आलेला बुकिंगचा मेसेज पाहिला आणि म्हणाली, "आजोबा, इट सेज जून इलेव्हन."

तोवर डायलिसिसची त्यांची वेळ दुसऱ्याला देऊन झाली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनची वेळ मिळाली. तोपर्यंत त्यांचे पाय सुजले होते, आणि रात्रभर त्यांना आडवं होता आलं नाही, खुर्चीतच बसून काढली. शुक्रवारी विवेक मिळेल त्या विमानाने परत आला आणि त्याने वाहनसेवेला लांबलचक ईमेल लिहिली. शेवटी लिहिलं होतं की बाबा स्वतः येऊन काय घडलं ते दाखवायला तयार आहेत.

ती ईमेल सोमवारी आश्लेषाच्या टेबलावर आली. तिचा बॉस परीक्षित पुण्याचा आहे, मनाने वाईट नाही, पण त्याला सगळं आजच संपवायचं असतं.

"सिम्पल आहे यार," तो म्हणाला. "डेटवाली लाइन टॉपला टाक, कॅपिटल्समध्ये. आजच पानावर डिप्लॉय करून टाकू."

"ऐकणाऱ्याला कॅपिटल ऐकू येत नाही, परीक्षित," आश्लेषा म्हणाली.

शिवांगी नावाची नवीन डिझायनर तिथे बसली होती. ती म्हणाली, "मग सगळंच काढून टाका ना. इन्स्ट्रक्शन्स कोणीच वाचत नाही. फील्ड क्लिअर असलं की झालं."

खरं सांगते, त्या क्षणी मला काकांची नाही, माझी काळजी वाटली. सहा वर्षांची नोकरी, तपासनिसांची शाबासकी, आणि आता एका बटणाने पुसून टाकणार. स्वतःच्या या विचाराची मला अजून लाज वाटते.

आश्लेषा आपल्या जागेवर गेली, कानाला हेडफोन लावले, पडदा बंद केला आणि काळ्या पडद्यासमोर बसून गाडी बुक करायला लागली. सहा वर्षांत पहिल्यांदा ती मला ऐकत होती. हिमवादळ, सोबती, टॅब. तिसऱ्या वाक्याला तिचं बोट आपोआप कंट्रोलवर गेलं. तिने हेडफोन काढले. मग तिने विवेकला फोन करून काकांना बुधवारी ऑफिसात बोलावलं.

बुधवारी सोनल त्यांना सोडून गेली. आश्लेषा दारात गेली तेव्हा पावलांच्या आवाजावरून अंदाज घेत ते म्हणाले, "जय भीम. तुम्हीच का त्या?"

"जय भीम, काका. मीच आश्लेषा. मला अहो-जाहो नका करू, मीही नागपूरचीच आहे, त्रिमूर्तीनगरची."

"असं का. मी गणेशपेठच्या बसस्टँडवर होतो, चौकशीच्या खिडकीत. सव्वीस वर्षं."

त्यांना संगणकासमोर बसवलं. परीक्षित आणि शिवांगी मागे उभे राहिले. मी सुरू झाले, आणि या वेळी त्यांनी मला थांबवलं नाही. अकराच्या अकरा वाक्यं ऐकली. एक मिनिट दहा सेकंद किती लांब असतात ते तिथे उभ्या असलेल्यांना कळलं. परीक्षितने तर मध्येच दोनदा घड्याळ पाहिलं.

"चूक माझीही आहे," काका म्हणाले. "मीच त्या सूचनेला गप्प केलं. पण एक सांगू का? खिडकीवर माणूस येतो तेव्हा त्याच्या हातात पिशवी असते आणि गाडी सुटायला आलेली असते. त्याला तेव्हा जे लागतं तेवढंच सांगायचं. चंद्रपूरची गाडी, फलाट चार, सव्वानऊ. बाकीचं बोर्डावर लिहून ठेवायचं, ज्याला पाहिजे तो वाचेल. मी त्याला खिडकीतून एस.टी.चे सगळे नियम ऐकवत बसलो असतो, तर त्याची गाडी माझ्यामुळे सुटली असती."

"मग काका, काहीच नसलं तर चालेल का?" शिवांगीने विचारलं. तिने मला तात्पुरतं बाजूला काढलं आणि रिकामा रकाना त्यांच्यापुढे ठेवला.

काका रकान्यात शिरले. प्रोग्रॅम एवढंच म्हणाला, तारीख. ते थांबले. "आता बेटा, महिना आधी की दिवस, हे मला कोण सांगणार? आणि आदल्या दिवशी पाचपर्यंतच बुकिंग होतं, ते मला साडेपाचला कळून काय उपयोग? खिडकीच बंद केली तर माणूस विचारेल कुणाला?"

शिवांगीने मान हलवली आणि मला परत ठेवलं. मग माझं एकेक वाक्य घेऊन त्यांनी एकच प्रश्न विचारायला सुरुवात केली: बोट रकान्यात असताना हे लागतं का? हिमवादळ नाही लागत, ते पानाच्या सुरुवातीला गेलं. गाडी पाच मिनिटं थांबते हे बुकिंग झाल्यावर सांगायचं ठरलं, कारण ते तेव्हा कामाचं. सोबत्याचं वाक्य सोबत्याच्या रकान्यापाशी गेलं. टॅबचं वाक्य कुणालाच नको होतं. प्रत्येक वाक्य जाताना मला दुखलं, खोटं कशाला बोलू. शेवटी माझ्याजवळ दोन राहिली. आधी महिना, सहा नोव्हेंबर म्हणजे अकरा, शून्य सहा. आणि आदल्या दिवशी पाचपर्यंत बुक करा.

"पण खरं काम रकान्यानेच करायला पाहिजे," आश्लेषा परीक्षितला म्हणाली. "मंथ, डे, इयर असे तीन वेगळे रकाने दे. आणि कन्फर्मेशनमध्ये नुसते आकडे नको, वार आणि महिन्याचं नाव पाहिजे. मग ही सूचना डेटबद्दल काही बोलली नाही तरी चालेल."

"तीन आठवडे लागतील," परीक्षित म्हणाला.

"लागू देत. पण या वेळी लाइन वाढवून हे क्लोज नको करू, प्लीज."

परीक्षितने काकांकडे पाहिलं. काका काठी हातात घेऊन उठत होते. जाता जाता ते हळू आवाजात म्हणाले, "त्या दिवशी दारात बसलो होतो ना, तेव्हा विवेकला फोन करावासा वाटत होता. केला नाही. तो म्हणाला असता, बाबा, तुम्ही नका करू हे, मी करत जाईन. डोळे गेले, आता एवढंही गेलं असतं." परीक्षितने मंजुरीचा अर्ज त्याच दुपारी भरला.

आता ते तीन आठवडे मी कसे काढले ते मलाच ठाऊक. तेरा नोव्हेंबरपासून पुढे भीती नव्हती, कारण तेरावा महिना नसतो, दिवस आधी लिहिला की रकाना तिथल्या तिथे नकार देतो. भीती होती ती डिसेंबर लागल्यावरची. दोन डिसेंबरला मंगळवार होता, आणि नवे रकाने चार तारखेला यायचे होते. म्हणजे एक डिसेंबरला काका बुकिंगला येतील तेव्हा मध्ये फक्त मी असणार होते, माझी दोन वाक्यं.

सोमवारी दुपारी ते आले. मी बोलले. सात सेकंद लागले. त्यांनी थांबवलं नाही, आणि मला हायसं वाटलं. मग त्यांनी लिहिलं, शून्य. साठ-सत्तर वर्षांची सवय बोटांत असते मित्रांनो, कानाने ऐकलं तरी बोटं ऐकत नाहीत. मग लिहिलं, दोन. बारा लिहिलं की ती बारा फेब्रुवारी होणार होती, आणि मागच्यासारखीच गोड आवाजात मंजूर होणार होती. मी काहीही करू शकत नव्हते.

ते थांबले. दोन्ही आकडे खोडले, रकान्यातून बाहेर गेले आणि परत आत आले, म्हणजे मला पुन्हा बोलायची संधी मिळाली. आधी महिना, मी म्हणाले. बारा, त्यांनी लिहिलं. मग शून्य दोन. मंगळवारच्या यादीत संध्याकाळी पाच वाजता त्यांचं नाव होतं आणि सकाळी सहा वाजून अकरा मिनिटांनी चालकाने त्यांना गाडीत घेतल्याची नोंद आली. ती नोंद येईपर्यंत मला चैन नव्हतं.

चार तारखेला नवे रकाने आले आणि तारखेचं माझं मूळचं वाक्य, आश्लेषाने जन्म देताना लिहिलेलं, काढून टाकलं. मला वाटलं होतं फार वाईट वाटेल. तसं झालं नाही. काका आता महिना, दिवस, वर्ष असं भराभर लिहून पुढे जातात आणि शेवटी पान त्यांना वारासकट तारीख सांगतं. माझ्याजवळ आता एकच वाक्य उरलं आहे, आदल्या दिवशी पाचपर्यंत बुक करा.

पण काळजी संपलेली नाही. गेल्या आठवड्यात बर्फ पडला, चार गाड्या उशिरा पोचल्या, तक्रारी आल्या, आणि काल सकाळी कुणीतरी मला उघडलं. माझ्या वाक्याच्या आधी एक नवं वाक्य लिहिलं. मग त्याला जेवणासाठी हाक आली आणि तो ते तसंच अर्धवट सोडून उठला. अजून ते पानावर गेलेलं नाही, पण पुसलेलंही नाही. एकच तर आहे, असं तो म्हणत असेल. पहिल्यांदाही एकच होतं.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणीतरी मोठं होऊन अशी पानं लिहायला बसणार आहे. तेव्हा माझी एक विनंती आहे. कुणाच्या कानात एखादं वाक्य घालण्याआधी पडदा बंद करा आणि ते पान स्वतः शेवटपर्यंत ऐका. तुमचं बोट जिथे कंट्रोलवर जाईल तिथे समोरच्याचंही जाईल. आणि रकान्याला नीट करता येत असेल तर माझ्याकडे येऊ नका, मला वाढवू नका. एकेकाळी मला पुसलं जायची फार भीती वाटायची. आता वाटत नाही. उद्या मला पूर्ण काढून टाकलं तरी चालेल, सकाळी सहा दहाला काकांच्या दारात गाडी आली म्हणजे झालं.